दुपारचं हळदीकुंकू

फुलं लावावीत, पण ती देवाला तरी वाहावीत नाहीतर वेणीत तरी माळावीत, असा साखरखेर्ड्याच्या रुखमाबाईंचा कायदा. त्यांची नवी सून गीता मात्र नांदुऱ्याच्या रेल्वे क्वार्टरातून आलेली. बापानं टेसनाच्या बागेतलं डेझीचं बी तिला चिंधीत बांधून दिलं होतं. दसरा झाला तसं तिनं ते न्हाणीच्या पाण्यावरच्या वाफ्यात टाकलं. म्हणजे सासूच्या मेथीच्याच वाफ्यात की हो!

"ना वास, ना देवाले चालत!" रुखमाबाई कडाडल्या. "संक्रांतीच्या हळदीकुंकवापावतर ठेव. बायांनी वा म्हटलं त ठीक. नाही त समदं उपटून मेथी टाकणार."

गीतेचा जीव त्या वाफ्यात अडकला. माहेर म्हणून आता तेवढंच तिच्या हाताशी होतं. आणि पौषात डेझी अशी फुलली की काय सांगावं! पांढऱ्या पाकळ्या, मधोमध हळदीचा ठिपका. रुखमाबाई रोज दुपारी तिथंच ऊन खात वाती वळत बसायच्या, पण तोंडातून चांगला शब्द काढतील तर शपथ.

संक्रांतीला गीतेनं गल्लीभर सांगून ठेवलं. दिवेलागणीला बायका नटूनथटून आल्या. कंदील घेऊन ती तोऱ्यात त्यांना परसात घेऊन गेली, आणि बघते तर काय, एकूण एक फूल मिटलेलं! दिवस मावळला की डेझी मिटते. टेसनावर गीता जायची ती दुपारी, बापाचा डबा घेऊन. इथं संध्याकाळी ती चुलीपुढं. तिला बिचारीला कुठून ठाऊक असणार?

"व माय! हेच दाखवाले बलावलं काय व?" शेजारच्या झुंबरबाई खो खो हसल्या. "याच्याहून आमची कांद्याची पात बरी!"

गीतेला रडूच फुटलं. मेथीच्या बियांची पुरचुंडी तर कोनाड्यात तयारच होती.

"हासून काऊन राह्यल्या?" रुखमाबाई पुढं झाल्या. "दिवसभर उन्हात उभी राहून झोपली ती फुलं. तुम्ही नाही झोपत काय? उद्या दुपारी या. हळदीकुंकू रथसप्तमीपावतर चालते. वाण बी उद्याच भेटन."

दुपारचं हळदीकुंकू! गावानं असलं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून तर झाडून साऱ्या आल्या. उन्हात वाफा नुसता पांढराशुभ्र झाला होता. "वा व माय!" झुंबरबाईच आधी म्हणाल्या, आणि एक फूल मागून अंबाड्यात खोवलंसुद्धा. गीता हळदीकुंकू लावत होती. मागून रुखमाबाई प्रत्येकीच्या ओटीत मूठमूठ वाण टाकत होत्या.

बायका गेल्यावर गीतेनं भीत भीत विचारलं, "आत्याबाई, मंग मेथी कवा टाकाची?"

"कायची मेथी?" रुखमाबाईंनी रिकामी पुरचुंडी तिच्यापुढं झटकली. "बी त आताच साऱ्याईच्या ओटीत वाटून टाकलं."