बळीराम कामावर आहे

नागपुरात जरीपटक्याच्या केशवसेठच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सगळ्यांत कामसू माणूस म्हणजे बळीराम. हिशेबवाल्या पायलने सकाळी टेबलावर पर्स ठेवायच्या आत तो हजर, आणि रात्री शटर पडलं तरी तो आतच. बुकिंगच्या खोलीत मालाच्या पावत्या तोच फाडायचा, हिशेबाच्या खोलीत बिलं तोच करायचा, आणि दोन्ही एकाच वेळी. रजा नाही, आजारपण नाही, पगारसुद्धा नाही. कारण खरा बळीराम कधीचाच रिटायर होऊन उमरेडला नातवंडांत रमला होता. मागे राहिलं होतं ते कंप्युटरमधलं त्याचं नाव आणि पासवर्ड. अख्खं ऑफिस त्यावर चालत होतं.

नव्या सुनेला सासूचं स्वयंपाकघर मिळावं, तसं कंप्युटर सांभाळायला नव्याने आलेल्या दीपमालाला हे नेटवर्क मिळालं. कुठल्या डब्यात काय ते ठाऊक नाही, आणि डबा हलवला की घरभर ओरड. आधीचा माणूस हैदराबादला नोकरी धरून गेला तो गेलाच. मागे वायरींचा गुंता ठेवून गेला, आणि एक विंडोज सर्व्हर, इतका म्हातारा की त्याला नवे अपडेट येणंही बंद झालेलं. दीपमालाने सुचवलं, सगळं लिनक्सवर नेऊ. ते फुकट असतं एवढंच सेठच्या कानात शिरलं आणि त्यांनी मान हलवली. मग एक अट घातली.

"बुकिंग एक घंटा जरी थांबलं, तर जुनी मशीन परत लागन. अन् मंग तुह्यं काही खरं नाही."

दीपमाला अजून कच्च्या नोकरीवर होती. पक्कं होण्यापेक्षा तिला एकच गोष्ट हवी होती, सेठकडे मागूनही न मिळालेली: चार वाजता निघायची मुभा, लेखी. चार वाजले की पाळणाघराच्या जाळीला नाक लावून तिची लेक मैत्री उभी असायची, गळ्यात पाण्याची बाटली अडकवून, आणि आईला उशीर झाला तर वाटेवरच्या अनोळखी माणसांकडे आईची तक्रार करायची.

एका रविवारी तिला ऑफिसात आणावंच लागलं. मैत्रीने नव्या सर्व्हरच्या रिकाम्या खोक्यात ठाण मांडलं, ते आपलं घर म्हणून जाहीर केलं, आणि फाइली हलवता हलवता आईला दर थोड्या वेळाने त्या घराची बेल वाजवायला लावली. फाइली सुखरूप गेल्या. अडलं ते बळीरामपाशी.

येत्या सोमवारपासून नव्या मशीनवर प्रत्येकाने आपापल्या नावाने काम करायचं, असं दीपमालाने सांगितलं आणि ऑफिसला सुतक लागलं. बुकिंगवाला विक्की म्हणाला, बळीरामचा हात शुभ आहे. पायल बिचारी खरं बोलली. ताई, माझ्या नावाने आले तर माझ्या चुका माझ्याच होतील ना? इतकी वर्षं कसं बरं होतं. यवतमाळचा माल वर्ध्याला गेला, कोणी पाठवला? बळीरामने. एकाच दुकानदाराला दोनदा बिल गेलं? बळीरामच. गंमत म्हणजे सेठनेही त्याचीच बाजू घेतली. "राहू दे ना बळीरामले. काय खाऊन राहिला तो?"

पण त्याला घेऊन जायचं म्हणजे नव्या घरात जुनी अडगळ. आणि सोमवारी ही माणसं हट्टाला पेटून बसली, तर बुकिंग थांबणार आणि दीपमाला घरी जाणार. तिने थोडा वेळ पेन चावलं. मग उमरेडला फोन लावला.

शनिवारी एसटीने बळीरामकाका आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. निरोप समारंभ आहे म्हटल्यावर ते गोंधळले. त्यांना तर मागेच निरोप मिळाला होता, शाल अजून पेटीत होती. दीपमाला म्हणाली, काका, तो तुमचा होता. हा तुम्ही इथे कंप्युटरमध्ये विसरून गेलात त्याचा. त्याला आज तुमच्याच हाताने बंद करायचंय.

कोथिंबिरीचं सारण भरलेल्या सांबारवडीच्या प्लेटी फिरल्या. मग तिने गंभीर चेहऱ्याने काकांच्या अलीकडच्या कामगिरीचं कौतुक सुरू केलं. गोंदियाचं सिमेंट तुम्ही गडचिरोलीला धाडलंत. दिवाळीच्या गर्दीत तुम्ही कंप्युटरवर दुपारभर पत्ते खेळलात. विक्की वडीत काहीतरी शोधू लागला. पायलने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सेठना एकाएकी फोन आला.

काका हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते. "पत्त्यात जितलो का हारलो?"

"हरलात, काका."

"मंग दुसरा कोनी असन. मी पत्त्यात हारत नाही."

सगळे हसले. काकाही हसले, मग त्यांनी पडद्यावरचं आपलं नाव वाचलं. "बाई, घरी मले कोनी चहापत्ती आनालेही धाडत नाही. अन् अठी मी येवढं काम करून राहिलो. बंद कराले जीवावर येते."

दीपमालाला क्षणभर वाटलं, आपली खोडी जरा जास्तच झाली. तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि कुठली कळ दाबायची ते दाखवलं. काकांनी एका बोटाने ती दाबली आणि सगळ्यांकडे पाहिलं. "आता तुमचं तुम्ही सांभाळा गा."

त्या म्हाताऱ्या माणसापुढे नाही म्हणायला कोणाला तोंड उरलं नाही. प्रसादाला उभं राहावं तसे सगळे, सेठसुद्धा, ओळीने आले आणि नव्या मशीनवर आपापलं नाव लावून गेले.

सोमवारची सकाळ सुरळीत गेली. दुपारी विक्की ओरडतच आला: भाड्याच्या दरांची फाइल गायब. खिडकीपुढे ड्रायव्हर उभे, बाहेर ट्रकांचे हॉर्न. सेठ केबिनमधून तणतणत बाहेर पडले. आता तर नावं आहेत ना प्रत्येकाची, मग काढ नाव, ज्यानं उडवली त्याले आजच घरी धाडतो. पायलचं तोंड उतरलं. विक्कीने आईची शपथ घेतली.

दीपमालाने पडद्यावर पाहिलं. फाइल उडवणाऱ्याचं नाव होतं केशव, म्हणजे खुद्द सेठ.

नाव घ्यावं तर नोकरी गेली, आणि न घ्यावं तर पायल फुकट मरते.

"सेठ, सांगू का दाखवू?"

त्या सुरावर सेठ थबकले. "दाखव."

ते वाकले. वाचलं. चष्मा कपाळावर नेऊन पुन्हा वाचलं. मग ताठ उभे राहून त्यांनी जाहीर केलं, "बळीराम."

"पन सेठ," विक्की म्हणाला, "त्याले तं परवा बंद केलं."

"रिटायर होऊन इतकी वर्षं राबला तो. दोन दिवस जास्तीचा राबला तं तुह्यं काय गेलं?"

फाइलची प्रत दीपमालाने आधीच दुसरीकडे ठेवली होती. ड्रायव्हरांचा चहा संपायच्या आत दर परत आले आणि खिडकी हलती झाली. सेठ मात्र तिच्या खुर्चीमागून हलेनात. हळूच म्हणाले, "अन् थे नाव? पुसता येते?"

"फाइल परत आणता येते, सेठ. नाव नाही पुसत मी." मग पडद्याकडेच बघत ती म्हणाली, "पण ते फक्त मलाच दिसतं. मी इथे आहे तोवर तरी."

सेठ तिच्याकडे बघत राहिले. आधी मिशी हलली, मग पोट. "मोठी चालू हायेस वं तू," म्हणाले, आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

आतून बराच वेळ एका बोटाने टाइप केल्याचा आवाज येत राहिला. दीपमालाने पर्स खांद्याला लावली तेव्हा सेठ स्वतः कागद घेऊन बाहेर आले. नोकरी पक्की, खाली सही, शिक्का. आणि शेवटच्या ओळीत, श्रीमती दीपमाला यांना रोज दुपारी चार वाजता कामावर येण्याची परवानगी देण्यात येत आहे.

तिने ओळ दोनदा वाचली. 'येण्याची'चं 'जाण्याची' करून मागावं असं मनात आलंही. मग तिने कागदाची नीट घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवली. असू दे. कधीतरी उपयोगी पडेल.