शिळा ऊस आणि आप्पांचा डावा डोळा

माझे सासरे हौसराव, आमचे आप्पा, खुटबावच्या गुऱ्हाळावर तीस वर्षं गुळव्या आहेत. कढई कधी उतरवायची हे तेच ठरवतात. थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची, दाबून बघायची आणि तोंडात टाकायची. दिवसाला आठ-दहा कढया. मधुमेह होऊन बारा वर्षं झाली, तरी "चाखणं म्हंजी खाणं न्हाई" हा हट्ट कायम. घरी मात्र बिनसाखरेचा चहा पितात आणि त्याचं कौतुक गावभर सांगतात!

दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा गेल्यातच जमा आहे. डाव्यात सोमवारी इंजेक्शन देऊ, पण साखर आटोक्यात आली नाही तर तोही जाईल. बाहेर येऊन आप्पा म्हणाले, "आन् न चाखता गूळ कुनी केलाय?"

मला भयंकर राग आला. बी.एस्सी. काय चुलीत घालायला केली होती? दुसऱ्या दिवशी मी गुऱ्हाळावर गेले.

"आप्पा, तोडून चार दिवस झालेला ऊस तुमी का घेत न्हाई?"

"गूळ बसत न्हाई त्याचा. साखर मोडती."

"कोन मोडतं? उसातलंच विकर, एन्झाइम म्हनत्यात त्याला. तुमच्या डोळ्यातबी तसलं एक हाय. रक्तात साखर वाढली, की ते तिची दुसरीच साखर करतं. ती पेशीतून लवकर निघत न्हाई. साचती आन् पडदा नासवती."

आप्पांनी बाजूच्या उसाच्या मोळीकडे बघितलं. "म्हंजी मी रोज डोळ्यात शिळा ऊस भरतूय व्हय?"

"व्हय."

पुढची कढई आली. आप्पांनी गोळी वळली, दाबली, सवयीनं तोंडाजवळ नेली. हात तिथंच थांबला. मग ती गोळी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. बाईनं कढई उतरवायला सांगितलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"काय म्हनती?"

"अजून जरा," मी गोळी दाबून म्हणाले.

दुसरी गोळी आली. "बास," मी म्हणाले.

"उतरवा रं!" आप्पा ओरडले. "सुषमा सांगतीय."

गूळ छान बसला. आप्पांनी ढेप डाव्या डोळ्याजवळ धरली, तिचा तांबूस रंग बराच वेळ निरखला.

"सोमवारी इंजेक्शनला किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.