पडद्यावरचा नंबर

टॉमीचा पहिला घाव मॉनिटरवर बसला तेव्हा मोठा आवाज झाला आणि काचेचे तुकडे प्रियदर्शनीच्या मांडीवर येऊन पडले. तिने कीबोर्डवरचे हात काढले नाहीत. समोर शिवतेज उभा होता. चाक खोलायची ती लोखंडी टॉमी तो जीपमधून काढून घेऊन आला होता, म्हणजे आता तो बोलायला आला नव्हता. मनगटाला काच लागून रक्त आलं होतं, ते त्याने शर्टालाच पुसलं.

"आता दाव," तो म्हणाला. "कुनाची गाडी म्होरं हाय, दाव."

दुसरा घाव त्याने टेबलावर घातला, तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. क्लासचा मालक बाळासो मागच्या खोलीतून धावत आला. त्याने फुटलेल्या मॉनिटरकडे पाहिलं, शिवतेजकडे पाहिलं आणि हात जोडले. शिवतेज बाहेर गेला, जाताना दाराची फळी उखडून गेला.

भांडण कशाचं, तर गेममध्ये गाडी निवडायच्या पडद्याचं. पुण्या-मुंबईच्या माणसांना हे सांगितलं की ती हसतात. खुशाल हसावं त्यांनी. त्यांना वडापाचा नंबर म्हणजे काय ते माहीत नाही.

कवठे महांकाळच्या स्टँडबाहेर तेव्हा मिरजेला जाणाऱ्या वडापाच्या जीपा लागायच्या. एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं त्यांत दाटीवाटीने बसायची, उरलेली मागे लोंबकळायची. पुढची जीप भरून गेल्याशिवाय मागच्याने एकही माणूस घ्यायचा नाही, आणि सकाळी जो आधी येईल त्याचा नंबर आधी, असा नियम होता. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. शिवतेज कितीही उशिरा उगवला तरी पहिली जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवायची, हेही सगळ्यांना तोंडपाठ होतं. आणि जीपांच्या वळीत सगळ्यात मागे, गटाराच्या कडेला, कुणालची जीप.

कुणाल हा प्रियदर्शनीचा धाकटा भाऊ. बौद्धवाड्यात आलेली ती पहिली जीप, बॉनेटवर रुंद निळा पट्टा. कुणाल पहाटे आला काय नि उन्हं वर आल्यावर आला काय, त्याचा नंबर शेवटचा. त्याचा नंबर येईतो नऊची एसटी माणसं घेऊन गेलेली असायची. त्यांचे वडील सोपान त्याच जीपवर हाका मारून माणसं गोळा करायचे. काम नसेल तेव्हा पिवळ्या फडक्याने पुढची काच पुसत राहायचे. कुणाल चिडला की म्हणायचे, "थांब रं. नंबर आला की जाऊ." या एका वाक्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. प्रियदर्शनीला त्या वाक्याची मनापासून चीड होती.

ती सांगलीला कॉम्प्युटर शिकून आली होती आणि बाळासोच्या क्लासमध्ये शिकवायची. क्लास स्टँडसमोरच होता. शिकायला येणारी पोरं थोडी, म्हणून बाळासोने दुपारी गेम सुरू केले. नंबराची वाट बघत बसलेले ड्रायव्हर येऊन मोटारींचा गेम खेळायला लागले. गाडी हाकून पाठ मोडलेली माणसं मोकळा वेळ मिळाला की पुन्हा गाडीच हाकायची, याचं तिला हसू यायचं. पण गेम सुरू होण्याआधी गाडी निवडायचा जो पडदा होता, त्यापाशीच निम्मे अडायचे. एका वेळी एकच गाडी दिसायची, खाली सगळं इंग्रजी, पुढची गाडी कुठे दडली आहे ते कळायचं नाही. मग भलतंच बटण दाबलं जायचं आणि हाक यायची, म्याडम, बंद पडली.

आणि गाड्या तरी कसल्या, जमिनीला पोट लावून बसलेल्या. मिलिटरीतून रिटायर होऊन जीप घेतलेला कृष्णात एकदा सगळ्या गाड्या बघून झाल्यावर फार गंभीरपणे म्हणाला, "म्याडम, हिच्यात मान्सं कुटं बसवायची?"

तिने ते मनावर घेतलं. महिनाभर खपून तिने स्वतःचा नवा पडदा लिहिला आणि तो गेमच्या आधी बसवला. इंग्रजीचं नाव नाही. स्टँडवरच्या सगळ्या जीपा तिने ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवल्या आणि एकाच वेळी पडद्यावर मांडल्या. बाणाचं बटण दाबलं की जीपेभोवतीची पिवळी चौकट पुढे सरकायची, एन्टर दाबलं की ती जीप रस्त्याला लागायची. कृष्णातच्या जीपेची फाटकी ताडपत्री होती, शिवतेजच्या जीपेचा भगवा झेंडा होता. ड्रायव्हर खुळे झाले. आपापली गाडी ओळखून पडद्याला बोट लावायचे, बोटांचे डाग पुसून ती थकायची. तिच्या कामाचं असं कौतुक तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं आणि ते तिला फार आवडलं.

फक्त एक गोष्ट होती. जीपा तिने वळीत मांडल्या होत्या, स्टँडवर लागतात तशा. आणि वळीत पहिली होती निळ्या पट्ट्याची.

मुद्दाम ठेवली का? ठेवली. ज्या पोरीने भावाला रोज गटाराच्या कडेला उभं राहिलेलं पाहिलं, तिने स्वतः रंगवलेल्या पडद्यावर त्याला पुढे आणलं, यात कुणाचं काय गेलं होतं? चार दिवस तर कुणी बोललंही नाही. मग कुणीतरी चेष्टेत शिवतेजला म्हणालं की तुझा नंबर गेला बघ. तो आला आणि त्याने तिला गाडी मागं घ्यायला सांगितली.

"पैला नंबर कुनाचा हाय?" त्याने विचारलं.

"स्टँडवर तुमचा," ती म्हणाली. "हितं न्हाई."

तेव्हा तो टॉमी आणायला गेला होता.

मॉनिटर फुटल्यावर बाळासोने तिला सांगितलं, जाऊन माफी माग, विषय संपव, मला ह्या गावात धंदा करायचा आहे. ती गेली नाही. काचा गोळा करताना तिचा तळवा चिरला. संध्याकाळी कुणालने तो पाहिला आणि तिच्याकडून सगळी हकीगत काढून घेतली. तो संतापेल असं तिला वाटलं होतं. तो हसला, आणि तेच वाईट झालं. शिवतेजसारखा माणूस चित्रातल्या जीपेला भितो, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. जेवताना तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. पडद्यावरचं खोटं असतं तर त्याने फोडलं कशाला, असं त्याने बापाला विचारलं. सोपान ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी उजाडायला कुणालने जीप नेऊन थेट पहिल्या जागेवर लावली. नियमानं बघितलं तर नंबर त्याचाच होता, त्याच्याआधी स्टँडवर कोणी नव्हतं. सोपान खाली उतरून हात जोडत होते. मागं घे, असं ते पोराला म्हणत होते, आजच्या दिवस मागं घे.

"आबा, थितं पडद्यावर उबी ऱ्हाती तर हितं का न्हाई?" कुणाल म्हणाला. "मी आज नंबरानंच जानार."

माणसं यायला लागली. पुढची जीप ही, म्हणून तिच्यात बसली. हरणाबाई नावाची म्हातारी बेदाण्याची पिशवी घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसली. जीप भरत आली होती. कुणालने चावी लावली, आणि समोरून शिवतेजची जीप येऊन नाकाला नाक लावून थांबली.

तो उतरला, त्याच्या मागून त्याचे दोघे चुलतभाऊ उतरले. कुणालच्या जीपेतला सगळ्यात मागचा माणूस आधी उतरला. मग त्याच्या शेजारचा. कुणी कुणाकडे न बघता एकेक जण उतरला, जणू त्यांना आठवलं होतं की आपल्याला मिरजेला जायचंच नाही. शेवटी हरणाबाईने पिशवी उचलली. उतरताना तिने कुणालच्या गुडघ्यावर हात ठेवला, एवढंच.

टॉमीचा पहिला घाव काचेवर पडला. दुसरा खांद्यावर. कुणालला त्यांनी दारातून ओढून काढलं, तेव्हा त्याचा पाय क्लचमध्ये अडकलेला होता आणि तो मोडल्याचा आवाज पलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेला. तो ओरडला तो तेवढ्याच वेळी. मग तिघे मारत राहिले. सोपान मध्ये पडले, त्यांच्या बरगडीत लाथ बसली आणि ते गटारात गेले. उठले, पुन्हा पडले. वळीतल्या सगळ्या जीपांमध्ये ड्रायव्हर बसलेले होते, सगळे जण रोज क्लासमध्ये येऊन हसून खेळणारे. एकानेही दार उघडलं नाही. शिवतेज शेवटचा घाव डोक्यात घालून थांबला. मग त्याच्या भावांनी कॅनमधलं डिझेल सीटवर ओतलं आणि जीप पेटवून दिली.

प्रियदर्शनी धावत आली तेव्हा निळा पट्टा फुगून त्याचे पापुद्रे सुटत होते. कुणाल रस्त्यावर पडला होता. त्याचं डोकं मांडीवर घेतल्यावर तिला कळलं की ते एका बाजूने मऊ झालं आहे. ती कोणाकोणाला हाका मारत होती, नावं घेऊन, कारण तिला सगळ्यांची नावं माहीत होती.

शेवटी कृष्णातने जीप वळीबाहेर काढली. कुणालच्या जीपेतून उतरून आपल्याकडे येऊन बसलेली माणसं त्याने खाली उतरवली आणि कुणालला उचलून मागच्या बाकावर निजवलं. कुणाचा नंबर आहे हे त्या सकाळी त्याने विचारलं नाही. सगळ्या जीपा मागे सरकल्या आणि वाट झाली. कुणाल स्टँडवरून पहिल्या नंबराने निघाला तो असा. मिरजेच्या वाटेवर भोसे गाव मागे पडलं आणि कुणालने शेवटचा श्वास सोडला.

पुढचं सगळीकडे होतं तसंच झालं. पंचनामा झाला, अटक झाली. साक्षीला एकटा कृष्णात उभा राहिला, बाकीच्यांनी त्या वेळी डोळे झाकले होते असं दिसतं. खटला लांबत गेला, शिवतेज जामिनावर सुटला, आणि एका सकाळी त्याची जीप पुन्हा पहिल्या जागेवर उभी राहिली.

प्रियदर्शनी कामावर परत गेली. न जाऊन करणार काय? बाळासोने नवा मॉनिटर आणला होता. तो नजर चुकवत म्हणाला की गेम चालू ठेवू, पण तेवढी एक गाडी काढून टाक, बघितली की लोकांना कसंतरी होतं. होऊ द्या, असं ती म्हणाली, आणि तिच्या आवाजामुळे त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

तिने पडदा मात्र बदलला. वळ मोडली आणि सगळ्या जीपा गोल उभ्या केल्या, एकमेकींकडे तोंड करून. आता पहिली कोणती आणि शेवटची कोणती ते कोणालाच सांगता आलं नसतं. शिवतेजच्या झेंड्यावर येऊन तिचा हात थांबला. एका बटणात ती जीप पुसता आली असती, आणि तिला ती पुसायची होती, त्या माणसासकट पुसायची होती. पण माणसाला जागा न ठेवणं हे त्याचं काम होतं, तिचं नव्हतं. ती तिने राहू दिली.

ड्रायव्हर हळूहळू परत यायला लागले. निळ्या पट्ट्यावर पिवळी चौकट आली की ते घाईने बाण दाबायचे आणि पुढे जायचे. त्या जीपेवर एन्टर कोणी दाबला नाही.

द्राक्षं उतरायच्या दिवसांत एका दुपारी सोपान आले. ते आत कधी आले नव्हते. मोडलेल्या बरगडीमुळे एका अंगाने चालत होते. क्लासमध्ये दोन ड्रायव्हर खेळत होते, ते त्यांना बघून उठले आणि भिंतीला लागून उभे राहिले.

"कुटं हाय गं ती?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि बाण दाबत चौकट निळ्या पट्ट्यावर आणली. मग तिने त्यांचं बोट हातात धरलं आणि एन्टरवर ठेवलं.

"दाबा आबा. जाईल ती."

त्यांनी बोट मागे घेतलं. आज माणसं न्हाईत, असं काहीसं ते पुटपुटले. मग कमरेचं पिवळं फडकं काढलं, पडद्याजवळ वाकले, आणि त्या चित्रातल्या जीपेची अंगठ्याएवढी पुढची काच हळूहळू पुसायला लागले.