वरची बैठक

दहा वर्षं मिझुहोने पडद्यावर मोलकरणी आणि प्रेतंच केली होती. आता कुठे नायिका मिळाली होती, तीही योशिवारा या जुन्या वेश्यावस्तीतली ओइरान, म्हणजे तिथली सगळ्यात मानाची गणिका. डोक्यावर मणभर केसांचा टोप, पोटावर पुढे बांधलेला ओबीचा जाडजूड पट्टा. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता, कारण एकदा नटलं की बाथरूमला जायची सोय नसते.

"तू खाली बस," दिग्दर्शक आकामात्सु म्हणाला. "शेठला साके ओत आणि जरा लाडात हस."

"पहिल्या भेटीत ओइरान गिऱ्हाईकाच्या वर बसते, आकामात्सुसान. हसत नाही, खात नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत बोलतसुद्धा नाही. माणूस आवडला नाही तर परत पाठवते."

"अगं, पैसे मोजलेत ना त्याने?"

"म्हणून काय झालं? लहानपणीच विकलेली पोर ती. तिच्या हातात एवढा एक नकार होता, तोही तुम्ही काढून घेणार?"

"मला अक्कल शिकवू नकोस. तुझ्या जागी कानोनला मेकअपला बसवलंय मी. तिला ओतता येतं."

मिझुहोला कळून चुकलं, उद्यापासून पुन्हा प्रेतं. पण तिचं डोकंही फिरलं होतं. ती उठली, थेट वरच्या बैठकीवर जाऊन बसली आणि तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

आकामात्सु पाय आपटत ओरडला, शेठ झालेल्या म्हाताऱ्या नटाला बाजूला सारून स्वतःच तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. आधी धमक्या झाल्या, मग "बाई, ऐक ना" झालं. शेवटी त्यानेच प्याला भरून पुढे धरला. तिचा घसा कोरडा पडला होता, तरी तिने प्याल्याकडे मान वळवली नाही.

"साहेब," कॅमेरामन चाचरत म्हणाला, "कॅमेरा बंद करायचा राहिला. हे जरा बघता?"

आकामात्सुने पाहिलं. पडद्यावर ती वर होती, आणि खाली हातात प्याला धरून तो स्वतः.

"कानोनला घरी जाऊ दे," मग तो म्हणाला. म्हाताऱ्या नटाकडे वळला. "तुम्ही तिथेच बसा. मी बसलो होतो तिथे." आणि मिझुहोला म्हणाला, "आता तरी बोलशील?"

मिझुहोने त्याच्याकडे न बघता बाहीतून हात काढला आणि दोन बोटं वर केली. अजून दोन भेटी बाकी होत्या.