पट्टेवाल्याचं पीस

हरेशने त्या पिसाबद्दल एकामागून एक तीन उत्तरं दिली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

हरेश माझा नवरा. रोह्याच्या कंपनीतलं काम सुटल्यापासून कासू गावात घरी बसून बांबूचे बाण करतो. पेणला ऋत्विक सर मुलांना धनुष्यबाण शिकवतात, ते हे बाण विकत घेतात. बाणाच्या शेपटीला तीन पिसं चिकटवायची, तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली, नाहीतर बाण भरकटतो. सरांची अट एकच, पीस पाळलेल्या पक्ष्याचं हवं. घार, घुबड असलं काही नको. रानात पडलेलं उचललं तरी गुन्हा, असं त्यांनी बजावलं होतं. मी हरेशला वर आणखी दम दिला होता.

आता तेच सर आमच्या ओट्यावर बसले होते. हातातल्या बाणाला करड्या-काळ्या पट्ट्यांची पिसं.

"वहिनी, हे मला घुबडाचं वाटतंय," सर म्हणाले. "खरं काय ते कळलं नाही, तर मला हा बाण वनखात्याकडे द्यावा लागेल."

"गडबच्या चिकनवाल्याकडचं हाय," हरेश म्हणाला.

"त्याच्याकडे सगळ्या पांढऱ्या ब्रॉयलर."

"मग त्यानं कुठनं तरी आनलं असंल. नायतर शेतात सापडलं असंल."

असंल म्हणे! स्वतः चिकटवलेलं पीस आणि असंल! मागच्या आंब्यावरचं घुबड आठवडाभर ओरडलं नव्हतं, ते मला नेमकं तेव्हाच आठवलं. केस झाली, तर हा आत जाणार आणि बाणांचं काम कायमचं बंद. सरांना पाणी देण्याच्या निमित्ताने मी त्याला मागच्या दारी ओढलं.

"घुबड मारलंस?"

"नाय गो! तुजी शपथ."

माझी शपथ तो उठसूट घेतो. मी हलले नाही.

"ब्रॉयलरचं पीस मऊ असतं गो, हवेत वाकतं," तो पुटपुटला. "सर म्हनले, पाळलेल्या पक्ष्याचं पायजे. पाळलेलाच व्हता."

"कोणी पाळलेला?"

त्याने कुंपणाकडे बघितलं नाही. इतकं जपून बघितलं नाही, की मला सगळं कळलं.

कुंपणापलीकडे धोंडूकाकी राहते. तिचा कोंबडा अंगभर पट्ट्यांचा आणि चालायचा तहसीलदाराच्या शिपायासारखा, म्हणून सगळे त्याला पट्टेवालाच म्हणायचे. मुलगा अक्षय कंपनीत पर्मनंट झाला, तर गावदेवीला हा कोंबडा देईन, असा काकीचा नवस. अक्षय पर्मनंट झाला आणि देवीला जायच्या आदल्या रविवारी कोंबडा गायब. काकी रडरड रडली. मग देवीनेच आपल्या हाताने नेला म्हणून गप्प झाली. आणि त्याच रविवारी माझा नवरा पिशवीतून साफ केलेलं चिकन घेऊन आला होता. शिजता शिजत नव्हतं मेलं!

आता नवऱ्याला वाचवायचं, तर काकीलाच साक्षीला बोलवावं लागणार होतं. हरेशने माझा हात धरला. मी तो झटकला आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली.

काकी आली. तिच्या मागोमाग दाण्याच्या आशेने दोन तलंगा कोंबड्याही आल्या, पट्टेवाल्याच्याच पोरी, अंगावर तसेच पट्टे. सरांनी बाण पुढे केला. काकीने पिसावरून बोट फिरवलं.

"हा माजा पट्टेवाला."

"नक्की, आजी?"

"माज्या हातचा दाना खाऊन वाढला. मला नाय कळनार?"

सरांनी पीस तलंगांच्या पंखांशी ताडून बघितलं आणि हसले. "घरचा कोंबडा! मग कायदेशीर आहे. उगाच संशय घेतला हो, हरेशभाऊ. उरलेले बाण लवकर द्या." तो बाण माझ्या हातात देऊन ते पेणला निघून गेले.

गाडीचा आवाज विरला तरी काकी तिथेच उभी. तिने हरेशला शिवी दिली असती, तर बरं झालं असतं. हरेश खाली मान घालून बसला होता. काकी माझ्याकडे बघत होती.

"रयवारी दिसभर माज्या पोटात अन्न नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "सांजच्याला तू वाटीभर रस्सा आनलास."

मी हातातला बाण खाली केला.

"मी म्हनलं, खा गो बाय, पोरीनं मायेनं आनलंय. त्यात तंगडी घातली व्हतीस."

"तुझ्यासाठी निवडून घातली होती, काकी," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "मला खरंच ठाऊक नव्हतं."

तिने माझ्या हातातून बाण काढून घेतला, पिसं पदराने पुसली आणि गावदेवीच्या वाटेला लागली.

"तिला सांगते," मागे न बघता ती म्हणाली, "तुजा वाटा मीच खाल्ला. इतकाच उरलाय."