चौथ्या सिलिंडरचं निपल

"गाडी धूर ओकते, तेल ढोसते आणि चढ लागला की दम्याच्या पेशंटासारखी खोकते," सासूबाई म्हणाल्या. "असल्या गाडीतून मी माझ्या नातीला तिच्या आजोबांकडे नेणार नाही. पिस्टन बदलायचे, कनेक्टिंग रॉड बदलायचे. रविवारच्या आत."

सूनबाईचा ढमीला भरवणारा चमचा हवेतच थांबला. सासूबाईंनी एकदा जाहीर केलं की विषय संपला, हे तिला ठाऊक होतं. जन्मभर तंत्रशाळेत मुलांना इंजिन शिकवलेली बाई. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, यांनी इंजिन टांगायचा स्टँड आणला होता. प्रश्न होता रविवारचा. सूनबाईच्या बाबांचा पाय मोडून ते पलंगाला खिळले होते. ढमी रांगायला लागली तरी त्यांनी तिला अजून फोनच्या काचेतूनच पाहिलं होतं. नवऱ्याने साहेबाच्या नाकदुऱ्या काढून रविवारला जोडून सोमवारची सुट्टी मिळवली होती. ती हुकली की पुढची कधी, ते साहेबालाच माहीत.

"आई, होईल ना पण वेळेत?"

"न व्हायला काय झालं? उंट आहे की ओझी उचलायला."

उंट म्हणजे नवरा. दाराची चौकट डोक्याला लागेल इतका उंच. आईने लहानपणी ठेवलेलं नाव, आता बायकोच्याही तोंडात बसलेलं. आणि सूनबाईचं नाव होतं 'दक्षता खातं'. ते तिने कमावलं होतं. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला गल्लीच्या टोकावरून गाडी परत फिरवायला लावणं, ढमीच्या दुधाचा थेंब मनगटावर पाडून पुन्हा दुसऱ्या मनगटावर पाडणं, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणं. घरात सगळे हसायचे. तीही हसायची, पण बोट धरल्याशिवाय तिला झोप लागायची नाही.

शनिवार उजाडेपर्यंत इंजिनाचा सांगाडा स्टँडवर आडवा टांगलेला होता. सिलिंडर घासून आणले होते, आतून आरशासारखे लखलखत होते. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, जागेवर बसला होता. टेबलावर जुन्या चादरीवर चार नवे पिस्टन आपापल्या रॉडला जोडून ओळीने मांडले होते. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारात ढमीची उंच खुर्ची लावली होती, म्हणजे पोरीला सगळं दिसेल आणि हाताला काही लागणार नाही. अंतर सूनबाईने स्वतः हात लांबवून तपासलं होतं.

"आता अडचण अशी," सासूबाई म्हणाल्या, "की पिस्टन या बाजूने आत ढकलायचा आणि रॉड त्या बाजूला क्रँकवर जाऊन बसणार. रॉडच्या टोकाला हे दोन बोल्ट आहेत बघ. जाताना एखादा क्रँकवर घासला आणि ओरखडा उमटला, की सगळं मुसळ केरात. म्हणून बोल्टांवर रबर चढवतात. मी पाइपाचे तुकडे आणले होते, पण ते ढिले पडताहेत." त्यांची नजर फिरत फिरत स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. "ती ढमीची जुनी निपलं अजून आहेत का गं?"

होती ना! ढमी कपाने प्यायला लागली तरी सूनबाईने बाटलीची निपलं उकळून, पुसून, डब्यात घालून ठेवली होती. कशासाठी, ते विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

"इंजिनाला निपलं?" नवरा म्हणाला. "आई, दूधही घालणार आहेस का?"

"तुला घातलं त्याचं काय झालं ते बघतेय मी. लांबीच वाढली नुसती."

सूनबाईने कात्रीने निपलांच्या खालच्या रुंद कडा कापून टाकल्या. उरली बोटाच्या टोकाएवढी तपकिरी टोपडी. चार रॉड, आठ बोल्ट, आठ टोपडी. मोज्यासारखी घट्ट बसली. सासूबाई जाम खूश झाल्या. "बावीस बॅचेस शिकवल्या, हे नाही सुचलं कधी!"

मग काम लागलं. सासूबाई पिस्टनच्या रिंगांना तेल चोपडायच्या, भोवती पत्र्याचा पट्टा आवळायच्या, पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी धरून हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकायच्या. टक, टक, आणि सुळकन पिस्टन आत. की लगेच पलीकडे जाऊन, हात आत घालून रॉड क्रँकवर ओढायचा, टोपडी काढायची, खालची कॅप लावायची आणि ताण मोजणारा टॉर्कचा पाना 'कट्' म्हणेपर्यंत आवळायचं. सूनबाई एकेक वस्तू हातात द्यायची. पहिल्या पिस्टनला तिने श्वास रोखला, दुसऱ्याला थोडा, तिसऱ्याला ती चक्क गुणगुणायला लागली. चौथ्याच्या वेळी ढमीने चमचा फेकला आणि असं काही भोकाड पसरलं की दोघींच्याही माना एकदम वळल्या.

"काही नाही, चमचाच हवाय म्हाराणीला," सासूबाई हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

दुपारपर्यंत तेलाचा चेंबर खालून बंद झाला, इंजिन गाडीत बसलं, नवं तेलही पडलं. नवरा घामाने निथळत होता. सासूबाई म्हणाल्या, "चहा झाला की चालू करू." सूनबाई पसारा आवरायला लागली. कडा कचऱ्यात, कात्री जागेवर, टोपडी डब्यात.

सात.

तिने डबा पालथा केला. सात. टेबलाखाली पाहिलं, चादर झटकली, केरसुणीने कोपरे काढले. सातच. मग ढमी आठवली आणि ती धावत आत गेली. ढमीचं तोंड उघडून बोट फिरवलं (पोरीने ते कचकन चावलं), खुर्चीची गादी उचलली, फ्रॉकचे खिसे चाचपले, अंथरूण झाडलं. नव्हतं. आणि पोरगी त्या टेबलाच्या जवळपास गेलीच नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? सूनबाई पलंगाच्या कडेला टेकली. आधी जीव भांड्यात पडला. मग तो भांड्यातून बाहेर आला, कारण ढमीच्या पोटात नाही तर कुठे, याचं उत्तर आता एकच उरलं होतं.

सांगायचं? सांगितलं तर सगळं पुन्हा खोलावं लागणार, रविवार बोंबलणार. ज्या रविवारची तीच सगळ्यांपेक्षा जास्त वाट बघत होती. आणि आत काही नसलं तर? गॅसचा किस्सा अजून पाहुण्यांना सांगतात, त्यात आता निपलाचा. गॅरेजमधून नवऱ्याची शीळ ऐकू येत होती. बाबांनी सकाळीच फोनवर विचारलं होतं, 'ढमीला काय आवडतं गं?' पण याच गाडीत मागच्या सीटवर ढमी झोपलेली असणार होती.

ती उठली.

"आई, चालू करू नका. एक टोपडं कमी आहे."

सासूबाईंचा कप ओठाशी थांबला. "ढमीने?"

"नाही. सगळं बघितलं."

"अगं, पडलं असेल कुठेतरी," नवरा म्हणाला. "झाडताना गेलं असेल कचऱ्यात."

"कचरा दोनदा चिवडला मी."

"म्हणजे चारदा," नवरा पुटपुटला. "आई, उद्या निघायचंय! हिला तर सवयच आहे..."

सासूबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, जणू तो काय करत होता ते त्यालाच विचारताहेत. "ढमी ओरडली तेव्हा मी चौथ्यावर होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक काढल्याचं आठवतंय. दुसरं... बोल्टवर नव्हतं, नाहीतर कॅप बसलीच नसती. पण माझ्या हातात आलं होतं का?" त्यांनी कप खाली ठेवला. "उंटा, तेल काढायला पातेलं आण."

"आई!"

"तेल ओढायच्या जाळीवर जाऊन चिकटलं ना, तर अर्ध्या वाटेत इंजिन जाम होईल. आण म्हटलं ना."

नवं कोरं तेल पातेल्यात उतरलं. चेंबर सुटला. सासूबाईंनी तो उजेडात नेऊन तळ बोटाने पुसून काढला. काही नव्हतं. जाळीवरही नव्हतं. सूनबाईचे कान तापले. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं.

"ये इकडे," सासूबाई गाडीखाली सरकत म्हणाल्या. "तुझी बोटं बारीक आहेत, माझी आत जात नाहीत."

इंजिनाला आजवर तिने हात लावला नव्हता. ती सासूबाईंच्या शेजारी उताणी सरकली. दोघींचे खांदे एकमेकींना लागले, केसात तेलाचा थेंब पडला. सासूबाईंनी बॅटरीचा उजेड धरला. "क्रँकच्या मागून वर जा. हा रॉड, हं, हाच चौथा. त्याच्या वर पिस्टनचं पोट आहे, आतून पोकळ असतं; इंजिन आडवं होतं तेव्हा हातातून निसटून तिथेच गेलं असेल. चाचप."

गार लोखंड. नव्या रॉडची धार. तेलाने बुळबुळीत काहीतरी. वर, अजून वर, पिस्टनच्या पोटातल्या खळगीत काहीतरी मऊ लागलं. रात्री-अपरात्री अंधारात हजारदा धुतलेलं, बोटांना पाठ असलेलं. तिने चिमटीत धरून ओढलं.

"आहे!"

सासूबाईंनी ते हातात घेऊन बॅटरीखाली फिरवलं आणि गाडीखालीच खो खो हसायला लागल्या. "उंटा, तुझ्या दक्षता खात्याला पगारवाढ दे रे!"

गाडीखालून बाहेर येऊन पाहते तो नवरा फडकं घेऊन उभा. त्याने तिच्या कपाळावरचं तेल पुसायच्या नादात ते गालापर्यंत पसरवलं. "गॅसचा किस्सा मी यापुढे सांगणार नाही," तो म्हणाला.

"सांग की. पण हाही सांग."

चेंबरच्या सांध्यातलं, तेल अडवणारं गॅस्केट मात्र फाटलं होतं. नवं बसवून वरची पेस्ट सुकायला सासूबाईंनी रविवारचा पूर्ण दिवस मागितला, आणि घाईने लावलं तर गळेल म्हणून हात जोडले. संध्याकाळी सूनबाईने बाबांना फोन केला. आवाज साधा ठेवायचा म्हणून ती आधी दोनदा खाकरली.

"बाबा, उद्या नाही जमत. सोमवारी येतो, पण यांना त्याच दिवशी परत फिरावं लागेल."

"का गं, काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू. "अगं, मी कुठे पळून जाणार आहे? पळायला पाय लागतो."

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी फोन मागून घेतला. "व्याहीबुवा, लेक आणि नात आठवडाभर ठेवून घ्या. उंटाला मी परत आणते. नव्या पिस्टनांना सुरुवातीला जरा चालवलेलं बरं असतं, म्हणून पुढच्या रविवारी मी एकटी गाडी घेऊन येईन न्यायला. तेवढीच माझी हौस."

आठवडाभर! सूनबाईने ढमीला उचलून तिच्या मानेत नाक खुपसलं. दोन दिवसांचा हिशेब करकरून ती थकली होती, आणि हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी किल्ली फिरवली तेव्हा इंजिन एकदाच शिंकलं आणि मग मांजरीसारखं गुरगुरत राहिलं. धूर नाही, खोकला नाही. सासूबाईंनी चाक हाती घेतलं आणि नियम सांगितला: नव्या पिस्टनांना पन्नासच्या वर पळवायचं नाही, रिंगा बसेपर्यंत. रस्ताभर ट्रक पुढे गेले, दूधवाल्याची गाडी पुढे गेली, एक शाळेची बस गेली आणि तिच्या मागच्या खिडकीतून पोरांनी वेडावून दाखवलं. नवरा सीटमध्ये खाली खाली सरकत होता. सूनबाईला आयुष्यात गाडीत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. गाडी वेगात नाही, "जरा हळू" म्हणायचं नाही, आणि कारण तिच्या भीतीचं नाही तर इंजिनाचं. ढमी झोपली. थोड्या वेळाने सूनबाईही.

बाबा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते, प्लास्टरचा पाय स्टुलावर. ढमीला त्यांच्या मांडीवर ठेवलं तेव्हा तिने आधी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, फोनमधला माणूस एवढा मोठा कसा झाला असं. मग चष्मा ओढला. बाबांनी तो सोडवला नाही. चष्म्याशिवाय त्यांना नीट दिसत नव्हतं, तरी ते बघतच राहिले.

"आत तरी या की विहीणबाई!" थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली.

"आले आले," गाडीखालून आवाज आला. "चेंबर बघतेय. थेंबसुद्धा नाही!"