भिंतीपासून एक वीत

फोर्तुनाताचा पलंग भिंतीला टेकलेला नव्हता. डोक्याकडेही आणि कडेलाही, मध्ये वीतभर जागा होती. चादरीची टोकं गादीखाली घट्ट खोचलेली, जमिनीपर्यंत काहीच लोंबत नव्हतं. खोली अरुंद. त्या वीतभर जागेपायी कपाटाचं दार अर्धंच उघडायचं.

मी ते पाहून घेतलं. मी पाळणा जोडायला आले होते. फोर्तुनाताच्या मुलीला, दानित्साला, सातवा महिना चालू होता. दानित्साच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर घेणारी धर्ममाता मीच, म्हणून ती मला माद्रीना म्हणते; तिची आई आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

आम्ही दोघी बोलिव्हियातल्या कोचाबांबाकडच्या. बार्सिलोनाच्या कडेला, तोरासात, आमची इतकी माणसं आहेत की रविवारी मैदानावर स्पॅनिशइतकीच आमची क्वेचुआ भाषा ऐकू येते. एरवी मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. रविवारी फुटबॉलच्या सामन्यांशेजारी टेबल मांडून बसते आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन चागास या आजाराची तपासणी करते. आमच्याकडच्या मातीच्या घरांत विंचुका नावाचा किडा असतो. रात्री तो भिंतीच्या भेगांतून उतरतो, झोपलेल्या माणसाचं रक्त पितो आणि अंगावर जंतू सोडून जातो. पुढे कित्येक वर्षं काही जाणवत नाही. मग काहींचं हृदय मोठं आणि दुबळं होत जातं.

सुरुवातीला मी लोकांना विचारायचे, मातीच्या घरात राहिलात का? सगळे नाही म्हणायचे. प्रत्येकाच्या बापाचं घर विटांचं. मग मी तो प्रश्न सोडून दिला, आणि रांग वाढली. "विंचुका निदान झोपेत प्यायची," सालतेन्या, म्हणजे मांसाच्या भाजलेल्या करंज्या, विकणारी बाई गिऱ्हाइकांना सांगायची, "ही मेली दिवसाढवळ्या पिते."

फोर्तुनाता दर रविवारी माझ्यासाठी शेंगदाण्याचं गरम सूप घेऊन यायची. बोट मात्र तिने कधी पुढे केलं नाही. तिचं सगळं लहानपण म्हणे शहरात, चौकाजवळच्या पक्क्या घरात गेलं. मुलीलाही तिने हेच सांगून वाढवलं. दानित्साचा जन्म इथला, त्यामुळे गरोदरपणाच्या तपासण्यांत तिला चागासचं कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती हसली होती. आधीच इतक्या सुया टोचून झाल्यात, आजोबांच्या विटांच्या घरासाठी आणखी एक कशाला, म्हणाली.

पाळण्याचा शेवटचा स्क्रू बसला. जागा वाचावी म्हणून दानित्साने तो भिंतीला लावला. फोर्तुनाता स्वयंपाकघरातून हात पुसत आली, पाळण्याचा कठडा धरला आणि तो भिंतीपासून ओढून घेतला. मग मधल्या फटीत हात घालून जागा पुरेशी आहे का ते चाचपलं.

"भिंतीला काटे आलेत का गं आई?" दानित्सा म्हणाली.

"भिंतीचा गारठा लागतो बाळाला."

जुलै चालू होता. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि पंखा फिरत होता.

"माझी आईपण आमचे पलंग असेच ओढायची," मी म्हटलं. "आधी चादरी झटकायची, मग दिवा घेऊन भिंत बघायची. पुनाता गावाच्या पुढे आमचं मातीचं घर होतं, कोमाद्रे."

फोर्तुनाता पलंगावर बसली. पाळण्याचा कठडा धरून भावाबद्दल सांगू लागली. थेओदोरोला कारखान्यात काम मिळत होतं. रक्त तपासलं, चागास निघाला आणि त्याला फाटकातूनच परत पाठवलं. त्यानंतर गावात त्याला कुणी नावाने हाक मारली नाही, चागासवाला म्हणायचे. त्याच्यामुळे त्यांच्या एका बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. एक दिवस बटाट्याचं पोतं उचलताना तो खाली बसला तो उठलाच नाही. आपल्या पोरीला कुणी त्या नावाने हाक मारायची नाही, असं फोर्तुनाताने तेव्हाच ठरवलं होतं. पोरगी जन्मायच्या कितीतरी आधी.

दानित्सा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून उभी होती.

"मी हिला दिला असेल का गं?" फोर्तुनाताने मला विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. बहुतेक नसेलच. ज्यांना हा आजार आहे अशा शंभर बायकांतल्या चार-पाच जणींकडूनच तो पोटातल्या बाळाला जातो. पण दानित्साला असला, तर तिच्या बाळालाही जाऊ शकतो. तान्ह्या बाळाला वर्षाच्या आत औषध मिळालं तर जवळजवळ नेहमीच पूर्ण बरं होतं. आईला औषध बाळंतपणानंतर देता येतं. आणि फोर्तुनाताचं वय झालं असलं तरी तिच्या हृदयावर लक्ष ठेवता येतं. पण त्यासाठी आधी ते माहीत असायला हवं.

"म्हणजे ते विटांचं घर," दानित्सा म्हणाली आणि तिथेच थांबली.

फोर्तुनाताने तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला, पलंगावर ठेवला आणि तिला आपल्याजवळ बसवलं.

"मातीचं होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "उद्या सकाळी येतो आम्ही तुझ्याकडे. आधी माझं रक्त घे, हिच्यासमोर. मग हिचं."